नळीपाशी गर्दी करू नये

आमच्या सरांनी मला आयुष्यात विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "बाई, तुमचं वजन किती?"

मी तेव्हा अमरावतीहून मिनेसोटात येऊन जेमतेम टेकले होते. जवळ वनस्पतिशास्त्राची पदवी, दोन नायलॉनच्या साड्या आणि आईने विणलेला एक स्वेटर. तिथल्या थंडीने त्या स्वेटरची पहिल्याच आठवड्यात फजिती केली होती. मी काम शोधत होते, युनिव्हर्सिटीत नाव आणि फोन नंबर देऊन ठेवला होता. आणि एका दुपारी फोन वाजला. आवाज मराठी, खर्जातला. स्वतःचं नाव नाही, गाव नाही, 'कशा आहात' नाही. थेट वजन.

"आपण कोण?" मी विचारलं.

"ते नंतर. किलोमध्ये सांगा. पौंडांत सांगितलंत तर मला भागाकार करावा लागेल."

"अठ्ठेचाळीस." मी बोलून गेले. त्या आवाजात असं काही होतं की त्याने आजीचं माहेरचं आडनाव विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

"जेवणाआधी की नंतर?"

"आधी!"

"उत्तम. सोमवारी या. तुम्हाला काम मिळालं."

फोन बंद. माझी रूममेट म्हणाली, पोलिसांना कळव. मी म्हटलं, अगं, पण काम मिळालंय! परदेशात पहिल्या वर्षी माणसाची अब्रूची कल्पना जरा लवचीक होते.

सोमवारी गेले तर ऑफिसच्या दारावर पाटी : जलशास्त्र. आत एक अवाढव्य गृहस्थ बसलेले. अवाढव्य हा शब्द मी विचार करून वापरते आहे. युनिव्हर्सिटीने त्यांना दिलेल्या सगळ्या खुर्च्यांनी एकामागून एक राजीनामे दिले होते, आणि शेवटी सुतारखात्याने जी बनवून दिली तिला खुर्ची म्हणायचं की ओटा, यावर विभागात दुमत होतं. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आणि बाजाराला न्यायच्या बकरीकडे पाहून मालक मान डोलावतो तशी डोलावली. "चालेल," म्हणाले. "जाड होऊ नका."

आता हे असं का, ते सांगते. नाहीतर तुम्ही भलताच ग्रह करून घ्याल. माझ्या नवऱ्याने लग्नानंतर बरीच वर्षं करून घेतला होता.

राज्याच्या उत्तरेला, कॅनडाच्या अंगाला, स्प्रूसचं जंगल आहे. काळपट, किडकिडीत झाडं. लांबून पाहिलं तर जुन्या दाढीच्या ब्रशांसारखी दिसतात. ती उभी असतात ती जमिनीवर नाही. खाली शेवाळ. शेवाळाखाली जुनं शेवाळ, त्याखाली त्याहून जुनं. हजारो वर्षांत ते कुजलेलंच नाही, कारण ते पाण्यात बुडालेलं आहे. या न कुजलेल्या थराला पीट म्हणतात, आणि त्या सगळ्या पाणथळ पसाऱ्याला तिथले लोक बॉग म्हणतात. तिच्यावरून चालणं म्हणजे ओल्या गादीवरून चालणं. पाय टेकला की ती दबते आणि तुमच्या भोवती पाणी वर येतं.

सर त्या बॉगमधलं पाणी मोजायचे. त्यासाठी त्यांनी तिच्यात नळ्या ठोकल्या होत्या, पार खालच्या घट्ट मातीपर्यंत. नळीत बॉगचं पाणी आपसूक शिरायचं, पाण्यावर एक बूच तरंगायचं, बुचात एक बारीक काडी खोचलेली आणि काडीचं टोक लाल. पाणी वर आलं की लाल टोक वर, खाली गेलं की खाली. एवढंच यंत्र. लाल रंग म्हणजे काकूंचं नेलपॉलिश. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नेलपॉलिशची बाटली मी एकदाही संपवलेली नाही. सगळी त्या बुचाने लावली."

गोम अशी की नळीजवळ कुणी उभं राहिलं की पीट दबायचं आणि नळीतलं पाणी चढायचं. म्हणजे मोजणाऱ्याच्या वजनाने मोजमाप बदलायचं. म्हणून सरांना हलकी माणसं लागत. अठ्ठेचाळीस किलोंची मी, तीसुद्धा उभी राहायची नाही. लांब फळ्या टाकून त्यांच्यावर पोटावर पडायचं, सरपटत नळीपर्यंत जायचं, श्वास धरायचा आणि काडी वाचायची. डासांचं जेवण व्हायचं ते वेगळं.

आणि सर? बॉगच्या कडेला खडीचा रस्ता होता, त्यावर एक जाड लोखंडी खुर्ची मांडून ते बसायचे. गळ्यात दुर्बीण, हातात कर्णा. शाळेच्या स्पोर्ट्समध्ये असतो तसा. "बाई! कोपर उचला! कोपरानं पाणी चढतंय!" हा आवाज स्प्रूसच्या शेंड्यांवरून जायचा आणि कुठेतरी एखादं मूस, म्हणजे तिथलं घोड्याएवढं सांबर, गोंधळून पळायचं.

पहिली नळी सरांनी स्वतःच्या हाताने ठोकली होती, ते तरुण आणि बारीक असताना, लग्नाच्याही आधी. मग काकू आल्या. काकू सोलापूरच्या. शेंगदाण्याच्या चटणीवर तुपाची धार, भाकरीवर लोणी, आणि त्यावर अमेरिकेने आपल्या परीने आइस्क्रीमची भर घातली. एका उन्हाळ्यात सरांनी पाहिलं की ते नळीपाशी गेल्यावर काडी वर येते आहे. त्या दिवसापासून त्यांनी बॉगमध्ये पाय ठेवला नाही. वजन कमी करायचं की पाण्याजवळ जायचं सोडायचं, असा प्रश्न होता, आणि त्यांनी काकूंचा स्वयंपाक निवडला. "दोन्हींपैकी कशाचाही अपमान करणं शक्य नव्हतं," ते म्हणायचे. पण दर आठवड्याला दुर्बिणीतून त्या पहिल्या नळीकडे असे बघत बसायचे, की मी तरी नजर दुसरीकडे वळवायची.

त्या नळीपाशी त्यांनी एक पाटी रोवली होती. पांढऱ्या पाटीवर निळ्या अक्षरांत : नळीपाशी गर्दी करू नये. मराठीत. आसपासच्या शंभर मैलांत मराठी वाचणारी माणसं तीन : सर, काकू आणि मी. मी विचारलं, "सर, इंग्रजीत का नाही?"

"इंग्रजीत सूचना दिली की हे लोक वकिलाला विचारतात. मराठीत दिली की घाबरतात."

हे मात्र खरं होतं. आग खात्याचा वॉल्टर त्या पाटीला प्रार्थना समजायचा आणि जवळून जाताना टोपी काढायचा.

सरांचा अचूकपणा हे एक दुखणंच होतं. 'साधारण', 'जवळजवळ', 'थोडं जास्त' हे शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "'साधारण' हा शब्द भाजीच्या दुकानात ठेवून यायचा," ते म्हणत. मिनियापोलिसच्या महाराष्ट्र मंडळात त्यांना बोलावताना लोक दोनदा विचार करायचे. गणपतीचं विसर्जन तेव्हा कुणाच्या तरी अंगणात, मुलांच्या प्लास्टिकच्या स्विमिंग पूलमध्ये व्हायचं. आरती झाली, सगळे गहिवरले, यजमानांनी मूर्ती हातात घेतली, की सर पुढे व्हायचे आणि पूलच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर खूण करायचे. मूर्ती बुडाली की दुसरी खूण. मग आकडेमोड करून जाहीर करायचे, "मागच्या वर्षीपेक्षा गणपती लहान आणलाय तुम्ही." यजमानीणबाई लाल व्हायच्या. पोरं नाचत ओरडायची, "मॉम, अंकल इज मेझरिंग गणपती अगेन!"

"अहो, देव आहे तो," काकू कुजबुजत.

"म्हणूनच तर. देवाच्या बाबतीत तरी अंदाजपंचे नको."

अशा माणसाला एके दिवशी युनिव्हर्सिटीने भागीदारी करायला सांगितली.

कल्पना कागदावर चांगली होती. उत्तरेच्या जंगलात दर काही वर्षांनी वणवा लागतो. वणव्यानंतर पाण्याचं काय होतं, बॉग सुकते की भरते, ओढ्याला काय उतरतं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. आगवाल्यांना आग कळायची, पाणीवाल्यांना पाणी. तेव्हा दोघांनी एकत्र यावं, एक तुकडा मुद्दाम जाळावा, आधी आणि नंतर मोजावं. भागीदार तीन : आमची युनिव्हर्सिटी, राज्याचं आग खातं आणि बॉगच्या खालच्या अंगाला असलेली वस्ती. कारण बॉगमधून निघणारा ओढा त्या वस्तीत जायचा. वस्तीतर्फे एल्मा यायची. ती तिथलं एकुलतं एक कॉफीचं दुकान चालवायची, आणि बैठकीत फक्त एकच वाक्य बोलायची : "आग पीटमध्ये शिरणार नाही ना?"

हा प्रश्न साधा नव्हता. वरची झाडं जळाली तर जळाली, ती परत येतात. पण पीट कोरडं असताना आग आत शिरली तर ती विझवता येत नाही. वर बर्फ पडतं, खाली ती धुमसत राहते, आणि वसंतात भलतीकडूनच तोंड वर काढते. एल्माच्या बापाच्या वेळी असं झालं होतं. तिच्या घरच्या विहिरीच्या पाण्याला त्यानंतर कित्येक वर्षं धुराचा वास यायचा, असं ती सांगायची. म्हणून नियम ठरला : पहिल्या नळीवर एक हिरवी कडी बसवायची. लाल टोक हिरव्या कडीच्या वर असेल, म्हणजे पाणी पृष्ठभागाशी असेल, तरच आगकाडी ओढायची. लाल टोक कडीच्या खाली, तर आग नाही.

आग खात्याचा त्या भागातला प्रमुख वॉल्टर. उंच, तांबूस, बोलायला मोकळा आणि घाईचा. त्याचं आणि सरांचं पहिल्या बैठकीपासून जमलं नाही. सरांचा दंडक होता की जेवल्याशिवाय भागीदारी होत नाही. काकूंनी साबुदाण्याची खिचडी आणली होती. वॉल्टरने तिच्याकडे बघून विचारलं, "ही कसली अंडी आहेत?" आणि घड्याळ पाहिलं. सर त्या क्षणी उठून गेले असते. पण उठायला त्यांना वेळ लागायचा, तेवढ्यात काकूंनी त्यांचा सदरा धरला.

सरांनी मग सूड घेतला तो करारात. त्यांना संशय होता की वॉल्टर एकटाच नळी बघेल, 'वर आहे' म्हणेल आणि पेटवून मोकळा होईल. म्हणून त्यांनी एक कलम घातलं : पेटवण्याच्या दिवशी सर्व भागीदारांच्या प्रतिनिधींनी नळीपाशी एकत्र उभं राहून पाणी पाहावं, आणि तेच वाचन अंतिम मानावं. आमच्या युनिव्हर्सिटीच्या डीनसाहेबांना ते फार आवडलं. एकत्र! भागीदारी म्हणजे हेच! सगळ्यांनी सह्या केल्या. सरांनीही केली. मोठ्या झोकात.

ज्या माणसाने जन्मभर एकाही माणसाला नळीपाशी उभं राहू दिलं नाही, त्याने सगळ्यांना एकत्र उभं करायचं कलम स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. आणि हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. आम्ही सगळे वॉल्टरवर डोळा ठेवण्यात गर्क होतो.

पेटवणं आधी दोनदा पुढे गेलं होतं. एकदा बॉगमध्ये बदकं अंड्यावर होती म्हणून, एकदा सरांना आणखी एक हिवाळ्याचं वाचन हवं होतं म्हणून. वॉल्टरचा संयम संपला होता. शेवटी ऑगस्टमधला एक दिवस ठरला. तो उन्हाळा कोरडा होता. त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे फळीवर सरपटत गेले आणि वाचलं. लाल टोक हिरव्या कडीच्या चांगलंच खाली होतं. परत येऊन सरांना सांगितलं.

"झालं तर मग. आज रद्द," सर म्हणाले, आणि त्या दिवशी सोबत आलेल्या काकूंकडून डबा घेऊन उघडला.

पण कराराप्रमाणे अंतिम वाचन एकत्र व्हायचं होतं. मंडळी आली : वॉल्टर, डीन, एल्मा, वॉल्टरचे दोन साहेब आणि गावातल्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. पलीकडे आग खात्याची पोरं ओळीने उभी. त्यांच्या हातात बागेतल्या झारीसारखी भांडी असतात. त्यांतून पाण्याऐवजी पेटतं तेल गळतं. वाट दाखवायला मी पुढे, मागे ही सगळी वरात फळ्यांवरून. नळीपाशी पोचल्यावर सगळे कोंडाळं करून उभे राहिले. वॉल्टरने पाटीसमोर टोपी काढली. डीनसाहेबांनीही काढली.

मी काडीकडे पाहिलं. लाल टोक हिरव्या कडीच्या वर होतं.

"वर आहे," वॉल्टर म्हणाला. "सगळ्यांना दिसतंय?"

"दिसतंय," डीन म्हणाले. फोटोग्राफरने फोटो काढला.

मी घाईघाईने म्हणाले, "हे तुम्ही उभे आहात म्हणून. सकाळी खाली होतं. मागे व्हा, कळेल."

वॉल्टर हसला. सगळे चार पावलं मागे सरकले. आता, पीट दबतं पटकन, पण उठतं सावकाश, जुन्या गादीसारखं. काडी जागची हलली नाही.

"बघ," वॉल्टर म्हणाला. "आधी बदकं. मग बर्फ. आता आमची वजनं. तुझ्या प्रोफेसरला सांग, पुढच्या खेपेला चंद्राचं कारण दे." मग कमरेच्या रेडिओवर त्याने पोरांना तयार राहायला सांगितलं.

एल्मा माझ्याकडे बघत होती. "आग पीटमध्ये शिरणार नाही ना?"

"शिरेल," मी म्हणाले. पण करारात माझ्या एकटीच्या वाचनाला जागा नव्हती.

रस्त्यावर सर उभे राहिले होते. दुर्बिणीतून त्यांना कोंडाळं दिसलं आणि, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, आपलं कलम शब्दन्‌शब्द आठवलं. कर्ण्यातून एक विलक्षण आवाज आला. शिवी होती की आरोळी, सांगता येत नाही, पण ती स्वतःलाच उद्देशून असावी. मग त्यांनी कर्णा काकूंच्या हातात दिला आणि बूट काढले.

"अहो, कुठे निघालात?" काकूंना कर्ण्याचा खटका कसा बंद करायचा ते माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांचं पुढचं सगळं बोलणं आख्ख्या जंगलाने ऐकलं. "अहो, जाऊ नका! नळी जाईल तुमची!"

सर काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. काकूंनी मला नंतर सांगितलं. ते म्हणाले, "नळी गेली तर नळी जाईल. बाकीचं तर राहील."

आणि ते फळीवर चढले.

मी बरीच नाटकं पाहिली आहेत, पण तशी एंट्री पाहिली नाही. पांढरा सदरा, दोन्ही हात पसरलेले, अनवाणी पाय. फळी वाकली. आजूबाजूचं शेवाळ असं हललं की दूरवरचे स्प्रूस माना डोलवायला लागले. ते एक पाऊल टाकायचे, थांबायचे, आणि पुढचं टाकायचे. "डावीकडून! डावीकडून या!" काकू कर्ण्यातून ओरडत होत्या. "उजवी फळी कुजलीय!"

"वॉल्टर," मी म्हणाले, "काडीकडे बघ."

त्याने पाहिलं. सरांनी पाऊल टाकलं. लाल टोक वर सरकलं. आणखी एक पाऊल. आणखी वर. आम्ही कुणीच हललो नव्हतो. एक माणूस आमच्याकडे चालत येत होता आणि पाणी त्याच्यासाठी उठून उभं राहत होतं. फोटोग्राफर कॅमेरा विसरला. डीनसाहेबांनी खिशातून चष्मा काढला, लावला, काढला.

"थांबा," वॉल्टर म्हणाला.

सर थांबले नाहीत. नळीपाशी येऊन उभे राहिले, धापा टाकत. लाल टोक हिरव्या कडीच्या इतकं वर गेलं होतं की काडी एका अंगाला कलली. आमच्या सगळ्यांच्या बुटांवर पाणी आलं.

"लावा आग," सर म्हणाले. "पाणी भरपूर आहे. मी इथे उभा आहे तोवर भरपूरच राहील. मी घरी गेल्यावर काय करायचं ते मात्र करारात लिहिलेलं नाही. माझी चूक."

एल्मा आपल्या बुटांवरच्या पाण्याकडे बघत होती.

वॉल्टरने रेडिओ तोंडाशी नेला. "कॅन्सल," तो म्हणाला. "झाऱ्या विझवा. सगळं कॅन्सल."

आणि त्याच वेळी सर खाली गेले. पहिल्यांदा पोटऱ्यांपर्यंत, मग मांड्यांपर्यंत. वरचा शेवाळाचा थर फाटला होता. पडता पडता त्यांनी हात टाकला तो नळीवर. त्यांना माहीत होतं, नळी आहे ती. पण बुडताना हाताला कोण समजावणार? नळी वाकली. आतलं बूच काडीसकट बाहेर आलं आणि शेवाळावर पडलं.

त्यांना बाहेर काढायला आग खात्याची सगळी पोरं लागली. वॉल्टर स्वतः पोटावर पडून त्यांच्या काखेत दोर घालत होता. "प्रोफेसर, श्वास सोडा," तो म्हणाला. "सोडला तर आणखी खाली जाईन," सर म्हणाले. "मी मोजलंय." बाहेर आले ते कमरेखाली काळेभोर, पायजम्याला पीट लटकलेलं. पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे ते बूच उचलून सदऱ्याला पुसलं.

ती वाकलेली नळी परत सरळ झाली नाही. तिचं वाचन तिथे संपलं. तारुण्यापासून एक आठवडाही न चुकलेलं. सर त्याबद्दल कधीच काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या आठवड्यात काकूंकडे नेलपॉलिश मागितलं, नव्या नळीसाठी.

पेटवणं झालं ते पुढच्या वसंतात, बर्फ वितळून बॉग काठोकाठ भरली तेव्हा. वरची झाडं जळाली, खालचं शेवाळ ओलंच राहिलं, एल्माच्या ओढ्यात राख आली आणि गेली. करारातलं कलम बदललं : वाचन एकट्याने, आडवं पडून. वॉल्टर तर धर्मांतर केल्यासारखा वागायला लागला. त्याच्याकडे कुणी पाहुणा आला की हात मिळवायच्या आधी विचारायचा, "वजन किती?" बैठकीत तो खिचडी दोनदा घ्यायचा. पाटीचा अर्थ मी त्याला सांगितला तेव्हा त्याने टोपी काढून हातात फिरवली. "आणि मी इतकी वर्षं तिला टोपी काढत होतो," म्हणाला. मग विचार करून म्हणाला, "बरोबरच करत होतो."

मी सरांच्या हाताखाली पुढची पदवी घेऊन दक्षिणेला नोकरीवर गेले, लग्न केलं. फोनवर सरांचा पहिला प्रश्न बदलला नाही, आणि माझी उत्तरं वर्षागणिक वाढत गेली. एका सप्टेंबरात फोन आला.

"बाई, तुमचं वजन किती?"

"साठ. जेवणाआधी."

"मग माझं तुमच्यापेक्षा कमी आहे," सर म्हणाले. त्या खर्जातली खोली गेली होती. "या एकदा. बॉगला जायचंय."

गेले. दार काकूंनी उघडलं. त्यांच्या मागे जो माणूस उभा होता त्याला मी दुसऱ्या कुठे पाहिलं असतं तर ओळखलं नसतं. सदरा तोच होता, आत माणूस थोडाच उरला होता. पोटाचं ऑपरेशन झालं होतं, आणि पुढे काय ते डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. काकू दिवसभर स्वयंपाकघरात असायच्या. भाकरी, लोणी, चटणी, तूप. "खातात ग," त्या मला म्हणाल्या. "खातात, पण अंगाला लागत नाही. तू बघ, तुला काय वाटतं? मागच्या महिन्यापेक्षा जरा बरे दिसतात की नाही?"

मी म्हणाले, दिसतात. आणि गाडी काढली.

खडीच्या रस्त्यावर पोचलो. ती लोखंडी खुर्ची तिथेच होती, गंजलेली. सरांनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातली आणि कर्णा माझ्या हातात दिला. "बसा. तुम्हाला परवानगी नाही. साठ किलो."

फळी वाकली नाही. ते पोटावर पडले, अगदी शिकवतात तसे, आणि सरपटत गेले. मी दुर्बिणीतून पाहत होते. जळालेल्या खोडांच्या मधून नवं हिरवं उगवलं होतं. पाटीवरची निळी अक्षरं फिकट झाली होती. सर नळीपाशी पोचले, मान वर केली आणि काडीकडे बघत राहिले. फार वेळ. एकदा कोपर उचललं आणि परत टेकवलं. मग दोन्ही कोपरं जोर देऊन टेकवली. मला कर्ण्यातून ओरडायचं होतं. काय ओरडायचं ते सुचलं नाही.

ते परत आले, गुडघे झटकले, गाडीत बसले.

"हललं?" मी विचारलं.

"अजिबात नाही." मग थोडं थांबून : "निर्दोष वाचन. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच माझ्या हातून."

रस्ता बराच कापल्यावर ते म्हणाले, "बाई, काकूंना सांगताना, थोडं हललं म्हणा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

ताटं वाढलेलीच होती. काकूंनी पहिला प्रश्न सरांना नाही, मला विचारला, हातातला तुपाचा चमचा तसाच धरून. "काय ग? गेले होते ना नळीपाशी? चढलं पाणी?"

"चढलं की!" मी म्हणाले. मी मूळची नाटकी. एकदा बोलायला लागले की हात आवरत नाही. बोटांत चांगलं वीतभर अंतर धरून दाखवलं. "एवढं!"

काकूंचा चेहरा उजळला. चमचाभर तूप सरांच्या भाकरीवर पडलं, आणखी एक चमचा पडला. सरांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी आली. त्यांनी घास खाली ठेवला, हात लांब केला आणि माझी दोन बोटं हलकेच जवळ आणली. एकमेकांना टेकायच्या बेताला आली, तेव्हा थांबले.

"एवढं," ते काकूंना म्हणाले, आणि जेवायला लागले.